सपाट मुलखाची लेन्स

इसापूर धरणाची भिंत चार किलोमीटरहून लांब आहे आणि पायापासून मोजली तर ५७ मीटर उंच. कळमनुरी तालुक्यातलं हे मातीचं धरण पैनगंगेवर बांधलं आहे. अलीकडच्या काठाला हिंगोली जिल्हा, म्हणजे मराठवाडा. पलीकडच्या काठाला यवतमाळ, म्हणजे विदर्भ. समजा, तुम्ही या भिंतीसमोर सव्वाचार किलोमीटरवर उभे आहात आणि ती सगळीच्या सगळी एका फोटोत हवी आहे. फुलफ्रेम कॅमेऱ्याला ३५ मि.मी.ची लेन्स लावली की दोन्ही टोकं मावतात. हौस फिटली असं वाटतं. मग उंचीचा हिशेब करावा. सेन्सरवर भिंतीची उंची भरते अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, आणि सेन्सर स्वतः २४ मि.मी. उंच असतो. फोटोत दोन टक्के धरण, उरलेलं सगळं आभाळ नि पाणी. शिवाय ५७ मीटरमधला पायाचा भाग जमिनीत गाडलेला. डोळ्यांना दिसणारी भिंत त्याहून बुटकी.

मराठवाड्यात लँडस्केप काढायला निघालेल्या माणसाची पहिली अडचण ही अशी असते. त्याने वाचलेलं, ऐकलेलं, क्लासमध्ये शिकलेलं असतं की निसर्गदृश्याला वाइड लेन्स लागते. हा सल्ला खोटा नाही. तो सह्याद्रीत जन्मलेला आहे, एवढंच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की कडा दोन्ही बाजूंनी वाटीसारखा वळत जातो, मागे सरकायला जागा नसते आणि पुढे सरकण्याचा प्रश्नच नसतो. सांदण दरीत तर दोन भिंतींच्या मध्ये माणूस अडकलेला असतो. अशा जागी १६ मि.मी.ची लेन्स नसेल तर अर्धं दृश्य बाहेर राहतं. दृश्य उभं, माणूस त्याला खेटून. कळमनुरीत नेमकं उलट आहे. जमीन लांबवर पसरलेली, टेकड्या बुटक्या, क्षितिज खाली, आणि माणसाला मागे सरकायला हवं तेवढं मोकळं रान. सह्याद्रीची लेन्स इथे आणली की टेकडीची सुरकुती होते आणि फोटोत आभाळाशिवाय काही उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: या भागात राहून ज्याला एकच जादा लेन्स परवडते, त्याने आधी लांब पल्ल्याची घ्यावी. वाइड नंतर.

हे मत उगीच धाडसी वाटू नये म्हणून कारण नीट सांगायला हवं. कारण लेन्समध्ये नसून पायांत आहे.

धुऱ्यावर एक लिंब उभा आहे, दहा मीटर उंच. त्याच्यामागे तीन किलोमीटरवर शंभर मीटर उंचीची टेकडी. तुम्ही लिंबापासून ५० मीटरवर थांबून २४ मि.मी.च्या लेन्सने फोटो काढला, तर सेन्सरवर लिंब जवळजवळ पाच मि.मी. येतो आणि टेकडी एक मि.मी.सुद्धा भरत नाही. आता शेतातून मागे मागे चालत जा, लिंबापासून ५०० मीटरवर उभे राहा आणि २०० मि.मी.ची लेन्स लावा. लिंब येतो चार मि.मी., म्हणजे जवळपास तेवढाच. टेकडी मात्र पावणेसहा मि.मी. झालेली असते. तिची उंची सात पटींनी वाढली आणि ती लिंबाच्या डोक्यावरून वर आली. झाड तेच, टेकडी तीच. ज्या टेकडीची वाइडने सुरकुती केली होती, ती आता डोंगर वाटते.

लांब लेन्स टेकडी ‘जवळ ओढते’ असं आपण म्हणतो, पण ओढाओढ लेन्स करत नाही. पाचशे मीटरवरूनच तुम्ही २४ मि.मी.ने फोटो काढून मधला तुकडा कापून मोठा केलात, तरी लिंब आणि टेकडी यांचं प्रमाण अगदी तेच मिळेल; फक्त चित्र फुटलेलं, दाणेदार असेल. प्रमाण ठरतं तुम्ही कुठे उभे आहात यावर. त्या जागेवरून दिसणाऱ्यातलं किती घ्यायचं, एवढंच लेन्स ठरवते. म्हणून लेन्स निवडण्याआधी विचारायचा प्रश्न असा: मला कुठे उभं राहता येतं? कोकणकड्यावर उत्तर आधीच ठरलेलं असतं. कळमनुरीत ते आपल्या हातात असतं, आणि सपाट मुलखाची खरी श्रीमंती हीच आहे. घाटातल्या फोटोग्राफरला दहा लेन्स घेऊनही एक किलोमीटर मागे सरकता येत नाही.

चंद्राचं गणित पाहिलं की हे आणखी पटतं. चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापतो. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या साधारण ११० पट अंतरावरून पाहिली की ती चंद्राएवढी दिसते. नऊ मीटरचं झाड किंवा तेवढंच देवळाचं शिखर पौर्णिमेच्या उगवत्या चंद्रात पूर्ण बसवायचं असेल तर जवळपास एक किलोमीटर मागे जावं लागेल, मध्ये काही आडवं न येता. सोयाबीन निघाल्यानंतरच्या उघड्या रानात हे सहज जमतं. मात्र २०० मि.मी.वर चंद्र सेन्सरवर दोन मि.मी.ही भरत नाही, हे लक्षात ठेवून लेन्स त्याहून लांब असली तर बरी. इथे छोट्या सेन्सरचा कॅमेरा कामाला येतो. ज्याला आपण क्रॉप सेन्सर म्हणतो त्यावर, कॅननमध्ये १.६ पट आणि निकॉन-सोनीत दीडपट, दृश्याचा कोन आक्रसतो. ५५–२५० ही साधी, स्वस्त, पावशेर-अर्धा किलो वजनाची लेन्स अशा कॅमेऱ्यावर ४०० मि.मी.च्या आसपासचं काम करते. फुलफ्रेमवाल्याला त्यासाठी बरीच जड वस्तू खांद्यावर घ्यावी लागते. क्रॉप कॅमेरा म्हणजे कमीपणा, हा समज लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी पसरवला असावा. त्यांना अंधाऱ्या मंगल कार्यालयात काम करायचं असतं, त्यांचं चूक नाही.

आकडे डोक्यात बसत नसतील तर हात वापरावा. हात पूर्ण लांब करून मूठ वळली की ती सुमारे दहा अंश झाकते. वीत ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीस अंश. फुलफ्रेमवर २०० मि.मी.ची लेन्स आडव्या चौकटीत एक मूठ पाहते. १०० मि.मी.ची एक वीत, ५० मि.मी.ची दोन विती, आणि २४ मि.मी.ची जवळजवळ पावणेचार विती. रस्त्यावर उभं राहून जे दृश्य आवडलं त्यावर हात धरा. बहुतेक वेळा असं आढळतं की आपल्याला आवडलेला भाग, ओळीने उभी असलेली बाभळीची झाडं, पाण्यातला गाळपेरीचा हिरवा पट्टा, दूरचं गाव, वितीपेक्षा मोठा नसतोच. डोळ्याने निवड आधीच केलेली असते. २४ मि.मी.ने फोटो काढून घरी आल्यावर ‘तिथे जे वाटलं ते यात नाही’ असं वाटतं, त्याचं कारण बहुधा हेच.

मोबाइलवरही ही परीक्षा फुकट करता येते. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुलफ्रेमच्या हिशेबात २४ ते २६ मि.मी.चा असतो. जुने फोटो काढून पाहा आणि तुम्ही ते किती कापले आहेत ते मोजा. रुंदी निम्मी केली असेल तर तुम्हाला ५० मि.मी. हवी होती, चतुर्थांश केली असेल तर १०० मि.मी. वर्षभराच्या फोटोंतून जो आकडा पुन्हा पुन्हा येतो तीच तुमची लेन्स. दुकानदाराला विचारण्याआधी हे करावं.

आता पुन्हा धरणाकडे. सव्वाचार किलोमीटरवरून २०० मि.मी. लावली तर भिंतीची उंची सेन्सरच्या नवव्या भागाएवढी होते. ती दिसू लागते, तिच्यावरचा प्रकाश, दगडी अस्तर, दरवाज्यांची बाजू वेगळी कळते. पण एका फोटोत मावतात फक्त साडेसातशे मीटरच्या आसपास. मग कॅमेरा ट्रायपॉडवर उभा धरून, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर एक तृतीयांश चढवत, डझनभर फोटो ओळीने घ्यायचे आणि संगणकावर जोडायचे. हाताला येते एक लांबलचक पट्टी. भिंतीला शोभणारा आकार तोच. एक्सपोजर आणि फोकस हाताने कायम करून ठेवले नाहीत तर जोड दिसतात, तेवढी काळजी घ्यावी. (धरणाच्या परिसरात कॅमेरा उघडण्याआधी पाटबंधारे खात्याच्या माणसांना विचारून घ्यावं, ड्रोनची तर गोष्टच वेगळी.)

जलाशयाच्या काठावर लेन्सचा आणखी एक दोष उघडा पडतो, जो डोंगरात लपून राहतो. स्वस्त झूम लेन्स सगळ्यात वाइड टोकाला सरळ रेषा बाहेरच्या बाजूला फुगवते. सह्याद्रीत सरळ रेषा असते कुठे? इथे पाण्याची रेघ ही चित्रातली सर्वांत मोठी रेघ, आणि ती चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात ठेवली की दोन्ही टोकांना वर उचललेली दिसते. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या १८ मि.मी.वर हे हमखास होतं. क्षितिज मधोमध ठेवलं की वाकडेपणा जातो, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये त्या लेन्सची दुरुस्ती चालू करावी. २४–२५ मि.मी.पर्यंत झूम पुढे नेला तरी बराच फरक पडतो.

पोलरायझरचंही तसंच. कळमनुरीच्या काठावरून पाण्याकडे पाहताना तोंड साधारण उत्तरेला असतं. सकाळी सूर्य उजव्या हाताला, म्हणजे जवळपास काटकोनात. पोलरायझर फिल्टर सूर्याच्या काटकोनातलं आभाळच सगळ्यात गडद करतो, तेव्हा फिल्टरसाठी ही जागा उत्तम. पण वाइड लेन्स इतकं आभाळ एकदम पाहते की त्यातला एक पट्टा गडद निळा आणि कडा फिकट होतात. आभाळावर डाग पडल्यासारखं दिसतं. लांब लेन्सला हा त्रास नाही. याच दिशेमुळे आणखी एक गोष्ट होते. डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, म्हणजे या काठावरून तो बहुतेक ठिकाणी जमिनीवर बुडतो. पाण्यावरचा सूर्यास्त हवा असेल तर मे-जून बरा. तेव्हा तो तेवढाच उत्तरेला सरकलेला असतो. काठ आत-बाहेर वळलेला असल्याने एखाद्या खाचेत हिवाळ्यातही जमून जातं.

मेमध्ये लांब लेन्सचं दुखणं सुरू होतं, तेही सांगितलं पाहिजे. कळमनुरी १९.७ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. जुलैत ढगांमुळे ते कळत नाही. मेमध्ये काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि दोन किलोमीटरवरची टेकडी पाण्यात पडल्यासारखी हलते. मृगजळ डोळ्यांना छान दिसतं. २०० मि.मी.च्या फोटोत त्याचा फक्त चिखल होतो, आणि मग लोक लेन्सला दोष देतात. लेन्स कितीही महाग असली तरी मधल्या दोन किलोमीटर तापलेल्या हवेला इलाज नाही. उन्हाळ्यात लांब लेन्स सूर्योदयापासून तासाभरात पिशवीत जावी. पाऊस उघडल्यावरचे दिवस, धूळ बसलेली आणि हवा धुतलेली, हे तिचे खरे दिवस.

मग वाइड लेन्सला या मुलखात कामच नाही का? आहे, पण तिला दूरचं दाखवायला लावू नये. तिला पायाजवळचं द्यावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये या पट्ट्यात हळद काढून शिजवतात आणि रानात, खळ्यावर वाळत घालतात. आखाडा बाळापूरकडे किंवा वसमतच्या बाजूला त्या दिवसांत फिरलं की पिवळे पट्टेच्या पट्टे पसरलेले दिसतात. शेतकऱ्याला विचारून आत जावं, गुडघ्यावर बसावं आणि क्रॉप कॅमेऱ्यावर १० मि.मी.ची लेन्स लावावी. एफ/८ छिद्रावर साधारण ६० सेंटिमीटरला फोकस केला की ३० सेंटिमीटरवरच्या हळकुंडापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. हळकुंडांवरची माती, साल, मागे हाताने पसरणारी बाई, तिच्यामागे बॉयलरची वाफ. इथे वाइडला पर्याय नाही. फुलफ्रेमवर २०० मि.मी.ला हेच गणित लावलं तर एफ/८वर क्षितिज स्पष्ट ठेवून पुढची ८० मीटर जमीन धूसर होते. एका लेन्सला जवळचं कळतं आणि दुसरीला दूरचं. ५० मीटर ते ५०० मीटर हा मधला पट्टा, जिथून बहुतेक लोक मोटारसायकल थांबवून फोटो काढतात, दोघींनाही फारसा आवडत नाही.

रात्रीचं आभाळ ही वाइडची दुसरी जागा. फेब्रुवारी ते मे या काळात पहाटेपूर्वी आकाशगंगेचा दाट भाग दक्षिणेला वर येतो, आणि गावांपासून दूर माळावर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यासाठी १४ ते २४ मि.मी. आणि एफ/२.८ किंवा त्याहून मोठं छिद्र लागतं. निसर्गचित्रणात मोठ्या छिद्राला पैसे मोजण्याचं मला पटणारं कारण एवढं एकच.

बाकी लँडस्केपला मोठं छिद्र लागत नाही, आणि ही गोष्ट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३९ साली डागेरच्या कॅमेऱ्याला जी लेन्स होती ती दृश्यासाठी बरी आणि माणसांसाठी फार मंद होती; माणसाला कित्येक मिनिटं हलू न देता बसवणं अवघड. १८४० साली योझेफ पेट्झव्हालने एफ/३.६ ची वेगवान लेन्स आखली. ती मधोमध लख्ख, कडांना घसरलेली. चेहरा मधोमध असतो, म्हणून पोर्ट्रेटवाल्यांनी ती उचलली. दृश्यवाले लहान छिद्राच्या मंद लेन्सवरच राहिले, कारण डोंगर हलत नाही आणि त्यांना कोपरे हवे असतात. पुढे १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी आपल्या गटाचं नावच छिद्रावरून ठेवलं, एफ/६४. ते वाचून आजचे काही उत्साही लोक लेन्स एफ/२२ला नेऊन ठेवतात. पण त्या मंडळींच्या फिल्मचा एकेक तुकडा आठ बाय दहा इंचांपर्यंत मोठा असे. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूची टिकली होते. एफ/८ला ती सुमारे ११ मायक्रॉनची, एफ/२२ला ३० मायक्रॉनच्या जवळ. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एक पिक्सेल चार मायक्रॉनचा असतो. मोठ्या फिल्मवर ती टिकली दिसत नसे. आपल्या सेन्सरवर ती सात पिक्सेल खाते. एफ/८ ते एफ/११ यांच्या बाहेर सहसा जाऊ नये. याचाच अर्थ असा की दीड किलोची ७०–२०० एफ/२.८ ही लेन्स लग्नवाल्यांना सोडावी. एफ/८ला वापरायची तर एफ/४ची किंवा किटमधली टेली आणि ती, यांच्यातला फरक भिंतीवर टांगलेल्या प्रिंटवर शोधून सापडत नाही. वाचलेल्या पैशांत चांगला ट्रायपॉड घ्यावा. माळावरच्या वाऱ्यात लांब लेन्स हातात धरून काढलेला फोटो कुठल्याही काचेने वाचत नाही.

लग्नवाल्यांचा उल्लेख दोनदा झाला, तो टिंगलीने नाही. तालुक्याच्या गावात लेन्स हाताळून पाहायची तर स्टुडिओइतकी सोयीची जागा नाही. लगीनसराई संपली की त्यांची सामग्री कपाटात पडून असते, ओळख असेल तर भाड्याने मिळते, आणि जुनी लेन्स विकायची असेल तर तीही तिथेच कळते. जुनी घ्यायला हरकत नाही. काचेला वयाने फार काही होत नाही. फक्त बुरशी पाहावी. दोन्ही झाकणं काढून, छिद्र पूर्ण उघडं ठेवून, मागून मोबाइलचा टॉर्च मारावा आणि पुढून तिरकं पाहावं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी, कारण साफ करूनही काचेवरचा लेप खाल्लेला राहतो. एखाददुसरा धुळीचा कण असला तर दुर्लक्ष करावं, फोटोत तो येत नाही. झूमची कडी फिरवताना किरकिर आली तर आत वाळू किंवा हळदीची पूड गेली असं समजावं. पावसाळ्यात आपली लेन्स चामड्याच्या पिशवीत बंद ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी, आणि पुड्यांतल्या दाण्यांचा रंग उतरला की ते तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरावेत. घरातल्यांना आधी सांगून, आणि वेगळ्या तव्यावर.